रानातली चराई आणि अस्वल

(आकाशवाणीवरील शेतकरी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर. गावोगावच्या शेतकरी मंडळांना एकत्र वाचून चर्चा करता यावी, म्हणून छापून देत आहोत.)



आज मी पिकाबद्दल बोलणार नाही आणि खताबद्दलही नाही. आजचा विषय अस्वलाचा आहे. कोणी म्हणेल, शेतीच्या कार्यक्रमात अस्वल कुठून आलं? पण बुलढाणा-खामगावचा घाट असो, मेळघाट असो, चंद्रपूर, गडचिरोली किंवा गोंदिया असो, ज्यांची गावं रानाला लागून आहेत ते हा प्रश्न विचारणार नाहीत. ज्यांची ढोरं सकाळी आखरावरून उठून रानात जातात आणि दिवेलागणीला परत येतात, त्यांच्या घरचा हा विषय आहे.

माझी नोकरी पशुसंवर्धनाच्या कामात गेली. जनावरांना लस टोचायची, वैरणीचा सल्ला द्यायचा, हे माझं काम. एकदा ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेच्या एका गावात लसीकरणासाठी गेलो होतो. आखरावर ढोरं जमली होती, माणसंही जमली होती. बोलता बोलता मी म्हणालो, "रानातली चराई जरा आवरा मंडळी, त्यानं अस्वलांचं नुकसान होतं." एक म्हातारे गुराखी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक सांगा मले. अस्वल काही गवत खात नाही. मंग आमच्या ढोरायनं त्याचं काय खाल्लं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण उत्तर काही मला देता आलं नाही. प्रश्न अगदी रास्त होता. हरिण गवत खातं, गाय गवत खाते, तिथं भांडण समजतं. अस्वलाचं आणि गाईचं भांडण कुठलं? पुढं मी वनखात्यातल्या जाणत्या लोकांना विचारलं, वाचलं, त्यांच्याबरोबर रानात हिंडलो. त्या बाबांचा प्रश्न मनात होताच. आज त्याचं उत्तर देतो.

लहानपणची एक गोष्ट

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आजोळी होतो. थंडीचे दिवस होते. गावचा गुराखी ढोरं घेऊन टेकडीकडे गेला. एक कालवड कपारीकडे चढली, तिला वळवायला तो मागोमाग गेला. कपारीत अस्वलाची मादी होती, तिची पिल्लं होती. ती अंगावर आली. माणूस वाचला, पण त्याचा एक डोळा गेला आणि तोंड कायमचं वाकडं झालं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव काठ्या-कुऱ्हाडी आणि कुत्री घेऊन टेकडीवर गेलं. कपारीच्या तोंडाशी धूर केला. मीही होतो त्यात, हातात पत्र्याचा डबा घेऊन वाजवत. मादी बाहेर आली ती मारली गेली. आत दोन पिल्लं निघाली, मांजराएवढी. ती चार दिवसांत मेली.

मंडळी, हिशेब करा. गुराख्याचा डोळा गेला, त्याचं गुराखीपण गेलं, घराची कमाई गेली. अस्वल गेलं, पिल्लं गेली. फायदा कोणाचा झाला? कोणाचाच नाही. तो डबा वाजवल्याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्या गुराख्याचं तोंड मी पाहिलं आहे, म्हणून "रानात जाऊ नका" एवढं सांगून मोकळंही होता येत नाही. दोघांचंही पाहिलं पाहिजे.

अस्वलाची ओळख

आपल्याकडचं अस्वल काळं, लांब केसांचं, छातीवर पांढुरक्या पट्ट्याचं. नर शंभर-सव्वाशे किलोपर्यंत भरतो, मादी त्याहून हलकी. पुढच्या पायांची नखं बोटाएवढी लांब. ती शिकारीची नखं नव्हेत, खणायची आहेत. त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातल्या मुंग्या आणि वाळवी, म्हणजे आपली उधई, भात्यासारखी ओढून घेतं. हा आवाज शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. खाण्यात ते इतकं दंग असतं, की माणूस जवळ आलेला त्याला कळत नाही. नाक फार तीक्ष्ण, पण नजर अधू. बहुतेक अपघातांचं मूळ इथंच आहे.

उधई-मुंग्यांखेरीज ते मध खातं आणि फळं खातं: बोरं, जांभळं, उंबरं, टेंभरं, सीताफळं, बहाव्याच्या शेंगा, मोहाची फुलं. गाई-म्हशी मारून खाणारं हे जनावर नव्हे. उलट फळांबरोबर बिया पोटात जातात आणि विष्ठेतून दूरवर पडून रुजतात. बहावा, टेंभुर्णी, बोर, जांभूळ यांची फुकटची पेरणी ते करत असतं.

हे अस्वल भारत, नेपाळ, श्रीलंका एवढ्याच मुलखात उरलं आहे, थोडं भूतानच्या सीमेवर. बांगलादेशातून ते नाहीसं झालं. सगळी मिळून वीस हजारांच्या आतच असावीत, असा जाणकारांचा अंदाज आहे. जगाच्या यादीत ते धोक्यात आलेलं जनावर म्हणून नोंदलेलं आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. रानडुकरासाठी शेतात वीज सोडलेली तार लावणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. त्या तारेला डुक्कर, अस्वल आणि शेजारचा शेतकरी सारखेच असतात.

ढोरांनी त्याचं काय खाल्लं?

आता बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. ढोरं अस्वलाच्या ताटातलं थेट खात नाहीत, हे खरं. पण ताट जिथं तयार होतं, ते ती मोडतात.

पहिली गोष्ट रोपांची. बोर, टेंभुर्णी, बहावा, जांभूळ यांची म्हातारी झाडं रानात उभी दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं रान शाबूत आहे. खाली वाकून पाहा. दोन-तीन वर्षांची पोरसवदा रोपं किती दिसतात? जिथं रोज शे-दोनशे ढोरं फिरतात तिथं रोप उगवतं ते शेळी खुडते, गाय तुडवते. शेळ्यांसाठी गुराखी फांद्या तोडतो, त्यात फळाची फांदीही जाते. आज झाड आहे, उद्या ते पडलं की मागं काही नाही. ढोरं जे खात नाहीत ती घाणेरी आणि रानतुळस मात्र माजते. घाणेरीची फळं अस्वल खातं हे खरं आहे, तिच्या गचपणात बसतंही. पण नुसत्या घाणेरीवर रान चालत नाही, आणि त्याच गचपणात माणसाची आणि त्याची गाठ पडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. चैत्र-वैशाखात सगळ्या नाल्यात एखादाच डोह उरतो. सकाळी दहाला ढोरं त्यावर जातात, दुपारभर तिथंच बसतात, शेणामुताने पाणी गढूळ होतं. अस्वल दिवस मावळायची वाट पाहतं. तिथं पाणी उरलं नाही, की ते विहिरीकडे, मळ्याकडे, मक्याकडे येतं. मग आपण म्हणतो, अस्वलं फार झाली. ती वाढलेली नसतात, त्यांचं पाणी आपण अडवलेलं असतं.

तिसरी गोष्ट विस्तवाची. पावसाआधी कोवळं गवत फुटावं म्हणून वाळल्या गवताला काडी लावायची सवय अजून काही ठिकाणी आहे. त्या आगीत गवताबरोबर रोपं जळतात, पडलेली फळं जळतात. पहिल्या पावसात उघडी माती वाहून आपल्याच तलावात बसते.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी, आणि तिच्याकडे आपलं लक्ष कमी. ती म्हणजे निवांतपणा. अस्वलाची मादी कार्तिकापासून पौषापर्यंत केव्हा तरी कपारीत वितते. बहुधा दोन पिल्लं होतात. सुरुवातीला त्यांचे डोळे मिटलेले असतात. मादी पहिले काही आठवडे फारशी बाहेर पडत नाही. दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे शिमग्याच्या आगेमागे, ती पिल्लांना पाठीवर घेऊन बाहेर येते. पुढं कित्येक महिने पिल्लं तिच्या पाठीवरून फिरतात आणि दीड-दोन वर्षं तिच्याजवळ राहतात. म्हणजे एक मादी दोन-तीन वर्षांतून एकदाच पिल्लं वाढवते. एक वेत गेलं, की तेवढी वर्षं वाया.

अशा वेळी कपारीजवळ रोज ढोरांच्या घंटा, गुराख्यांची हाक आणि त्यांची कुत्री आली, तर काय होईल? एक तर मादी जागा सोडते आणि पिल्लं मरतात, नाही तर ती अंगावर येते आणि माणूस जायबंदी होतो. माझ्या आजोळी झालं ते हेच.

तेव्हा बाबांना माझं उत्तर असं आहे: बाबा, तुमच्या ढोरांनी अस्वलाचं उद्याचं झाड खाल्लं, उन्हाळ्याचं पाणी प्यालं आणि बाळंतिणीची खोली तुडवली.

आपलं काय गेलं?

हे अस्वलाचं झालं. आपलंही जातं बरं का. सारखं तुडवलं जाऊन टेकडीची जमीन टणक होते. पाणी मुरत नाही, वाहून जातं. टेकडीच्या पायथ्याच्या विहिरी लवकर आटतात. गाय दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालते. जे खाल्लं ते चालण्यातच जातं, दुधाला काय उरणार? आणि शेण? मोठं जनावर दिवसाला साधारण दहा किलो शेण टाकतं. त्यातलं निम्मं रानात पडतं आणि आपण पिशवीतलं खत विकत आणतो.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला मनाई आहे. अभयारण्यात चराईवर वनखात्याचं नियंत्रण असतं, आणि लस टोचल्याशिवाय जनावर आत नेता येत नाही. अभयारण्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या जनावरांना लस टोचण्याची तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने आली. राखीव जंगलात परवानगीशिवाय चराई हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे.

त्याचबरोबर २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावर जगणाऱ्या गावांचा चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे, फिरत्या पशुपालकांचाही. पण त्याच कायद्यात हेही लिहिलं आहे, की हक्क असलेल्या ग्रामसभेनं रान, पाणी आणि वन्यप्राणी सांभाळावेत. म्हणजे कायद्यानं किल्ली गावाच्या हातात दिली आहे. कुलूप कधी लावायचं आणि कधी उघडायचं, हे गावानं ठरवायचं आहे.

तीन ऋतूंची तीन कामं

"गुरं विका आणि रान सोडा" असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आणि चार शेळ्या आहेत, त्याला हे सांगणं सोपं आणि ऐकणं कठीण. मी कामं ऋतूप्रमाणे वाटून सांगतो. वर्षभराची बंदी पाळणं जड जातं, तीन-चार महिन्यांची पाळता येते.

पहिलं काम: दिवाळी ते होळी, कपारीचं रान बंद. हे पिल्लांचे महिने. गावात बसून ठरवा, कोणत्या टेकड्यांवर कपारी आणि गुहा आहेत. वनरक्षकाला आणि जुन्या गुराख्यांना विचारा, त्यांना बरोबर ठाऊक असतं. तेवढा भाग या दिवसांत सोडायचा. ढोरं नाहीत, सरपण नाही, कुत्री नाहीत.

आणि पाहा, नेमके हेच महिने आपल्या घरी वैरणीचे असतात. सोयाबीन निघून कुटार पडलेलं असतं. ज्वारीचा कडबा येतो. तुरीचं कुटार पौष-माघात येतं, हरभऱ्याचं त्यामागून. कपाशीची शेवटची वेचणी झाली, की पऱ्हाटीत शेळ्या-मेंढ्या चारता येतात. अस्वलाला ज्या दिवसांत निवांतपणा हवा, त्या दिवसांत आपल्या वावरातच चारा असतो. मग त्या दिवसांत ढोरं कपारीकडे न्यायचीच कशाला? केवळ सवय म्हणून.

मात्र कुटार जपलं पाहिजे. मळणीयंत्राच्या तोंडाशी सोयाबीनचं कुटार पेटवून देणारे शेतकरी मी पाहिले आहेत. ते गोळा करा, ओल लागू न देता झाकून ठेवा. बुरशी आलेलं देऊ नका. कडबा अख्खा टाकला तर जनावर पानं खातं आणि धांडे तुडवतं. कुट्टी करून द्या, नासाडी बरीच वाचते. चार घरांनी मिळून एक कडबाकुट्टी यंत्र घेतलं तरी भागतं.

दुसरं काम: होळी ते पहिला पाऊस, पाणी वेगळं करा. हा टंचाईचा काळ. गावाच्या बाजूला, रानाच्या बाहेर, ढोरांसाठी हौद बांधा किंवा असलेला दुरुस्त करा. ग्रामपंचायतीत हा विषय माघातच मांडा, वैशाखात मांडून उपयोग नाही. रानातल्या डोहावर जावंच लागलं, तर ढोरं पाणी पाजून लगेच वर काढा, तिथं बसवू नका, आणि दिवस कलायच्या आत डोह मोकळा करा. रानात काडी लावायची नाही, आणि कोणी लावली तर विझवायला गावानं जायचं.

या काळासाठी चारा आधीच करून ठेवावा लागतो. गव्हाचं काड किंवा हलका कडबा असेल तर युरियाची प्रक्रिया करा. शंभर किलो कुट्टीला चार किलो युरिया, पन्नास ते साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर देत, शिंपडत, दाबत जायचं. वरून प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद झाकायचं आणि एकवीस दिवस उघडायचं नाही. खायला देण्याआधी तासभर पसरून ठेवायचं, म्हणजे उग्र वास जातो. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना देऊ नका. आणि युरियाचं पाणी जनावरांच्या तोंडाला लागणार नाही याची काळजी घ्या, ते विष आहे.

ज्यांच्याकडे मका आहे, त्यांनी थोड्या मक्याचा मुरघास करावा. कणसात दाणा चिकाचा असताना मका कापून बोटभर तुकडे करायचे, खड्ड्यात किंवा जाड पिशवीत घट्ट दाबून हवाबंद करायचे. दीड महिन्यात मुरघास तयार होतो आणि उन्हाळ्यात ओल्या चाऱ्याची गरज भागते. विहिरीला पाणी असेल तर पाच-दहा गुंठे संकरित नेपिअर किंवा लसूणघास ठेवा.

तिसरं काम: पावसाळा, एक वाटा पडीक. वावरात पीक उभं असतं, ढोरं नेणार कुठं? रानातच. आणि रोपं उगवतात तीही याच दिवसांत. म्हणून चराईच्या रानाचे चार वाटे करा. एक वाटा पूर्ण बंद, तीन चराईला. बंद वाट्यात दोन-तीन वर्षं ढोर जाऊ द्यायचं नाही, मग दुसरा बंद करायचा. रोप ढोराच्या तोंडाच्या वर गेलं, की ते वाचतं. बंद वाट्यातलं गवत वनखात्याच्या संमतीनं, बी पडल्यावर, विळ्यानं कापून आणायचं. चरून मिळतं त्याहून कापून जास्त मिळतं, कारण तुडवून वाया जात नाही. बांधावर शेवरी, हादगा लावा, मारवेल आणि स्टायलो लावा. शेळ्यांना तोच पाला होतो.

आणि एक कडू गोष्ट. गोठ्यात सहा भाकड जनावरं आणि दोन दुधाची, असं असेल तर सगळीच उपाशी राहतात. रान फुकटचं वाटतं म्हणून आपण संख्या वाढवतो. चांगल्या वळूचं किंवा कृत्रिम रेतनाचं वासरू घेऊन कमी, पण कसदार जनावरं ठेवावीत.

हे जमतं का?

जमतं. अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, हिवरे बाजारने १९९० नंतरच्या दशकात आदर्श गाव योजनेत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, गवत कापून न्यायची मुभा दिली. तिथं अस्वलाचा प्रश्न नव्हता, पाण्याचा आणि चाऱ्याचा होता. बंदीनंतर चारा वाढला आणि दूध कित्येक पटींनी वाढलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपानाची तोडणीच थांबवली, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात आणि रानाला आग लावली जाते. पैसा बांबूतून मिळवला. गावानं मनावर घेतलं तर स्वतःला नियम घालून घेता येतो, हे या गावांनी दाखवलं.

आपल्यालाच हे सोसावं लागतं, असंही नाही. अमेरिकेत यलोस्टोनच्या आसपास ग्रिझली नावाचं मोठं तपकिरी अस्वल आहे. तिथल्या सरकारने १९७५ साली ते धोक्यात असल्याचं जाहीर करून संरक्षण दिलं. पण भोवतालच्या सरकारी जंगलात उन्हाळ्यात पशुपालकांची गुरं परवान्यानं चरतात. ते अस्वल वासरं मारतं, मग तक्रार होते आणि अस्वल पकडलं किंवा मारलं जातं. जमीन सरकारी, अस्वल संरक्षित, गुरं परवान्याची, आणि तिघांचं भांडण वर्षानुवर्षं. काही ठिकाणी वन्यप्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी पशुपालकांना मोबदला दिला, त्यांनी परवाना सोडला आणि ते रान गुरांपासून मोकळं ठेवलं. आपल्यासारखा गरीब गुराखी तिथं नाही आणि आपलं अस्वल वासरू मारत नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे: रान मोकळं करायचं, तर त्याचा भार एकट्या गुराख्यावर टाकू नये. गावाने गुराख्याची मजुरी बंदीच्या महिन्यांतही चालू ठेवली, तर तो बंदीचा पहिला राखणदार होईल.

रानात जावंच लागलं तर

एकट्यानं जाऊ नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला गचपणात, नाल्यात, कपारीत शिरू नका. बोलत, खाकरत, काठी आपटत चला. पुढच्या जनावराच्या गळ्यात घंटा असू द्या. अस्वल लांबून ऐकेल आणि बाजूला होईल, त्याला भांडण नको असतं. ताजं उकरलेलं वारूळ दिसलं, भात्यासारखा आवाज आला, की मागं फिरा.

समोर आलंच तर पळू नका, ते माणसापेक्षा वेगानं धावतं. पिल्लू दिसलं तर मादी जवळ आहे असं समजा. दगड मारू नका, हळूहळू मागं सरका. अंगावर आलंच तर पालथं पडा, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफा, तोंड जमिनीशी झाका. जखमी माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या. धनुर्वाताची आणि रेबीजची लस विसरू नका. वनखात्याला त्याच दिवशी कळवा, पंचनामा झाला तर भरपाई मिळते. आणि सूड घ्यायला टेकडीवर जाऊ नका. आमचं गाव गेलं होतं. त्यानं त्या माणसाचा डोळा परत आला नाही.

मंडळी, त्या म्हाताऱ्या बाबांना हे उत्तर सांगायला मी पुढं त्या गावी गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग असं म्हना ना, की बाळंतिणीच्या घरात ढोरं नेऊ नका. हे तं आमाले कळते."

एवढंच मला सांगायचं होतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. दिवाळी ते होळी कपारीच्या टेकड्यांवर गुरं, कुत्री, सरपण बंद.
२. उन्हाळ्यात ढोरांचं पाणी रानाबाहेर. डोह संध्याकाळपूर्वी मोकळा.
३. रानाचे चार वाटे करून एक आळीपाळीने बंद. गवत कापून आणा.
४. कुटार जाळू नका. कुट्टी, मुरघास आणि युरिया-प्रक्रिया करून उन्हाळ्याची सोय करा.
५. सगळ्या जनावरांना वेळेवर लस टोचून घ्या.
६. रानात आवाज करत, जोडीनं जा.

शेतकरी मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावच्या रानात अस्वलाच्या कपारी कोणत्या बाजूला आहेत? तिथं सध्या कोणाची ढोरं जातात?
२. दिवाळी ते होळी तेवढा भाग बंद ठेवला, तर कोणाची अडचण होईल? ती गावाने कशी भागवावी?
३. गावात दरवर्षी किती कुटार जाळलं जातं किंवा वाया जातं?
४. बंदीच्या महिन्यांत गुराख्याच्या मजुरीचं काय करायचं?